कुत्र्याची लघवी गळण्यावरील औषधे: दुष्परिणाम ओळखण्याची आणि हाताळण्याची पद्धत

नसबंदी झालेली, एरवी ठणठणीत असलेली मादी गाढ झोपेतून उठते आणि तिच्या अंथरुणावर ओला डाग दिसतो. तिने तो मुद्दाम केलेला नसतो, किंबहुना लघवी झाल्याचे तिला कळलेलेही नसते. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि मूत्रमार्गात असलेल्या स्नायूंची पकड सैल पडल्यामुळे होणारा हा आजार नसबंदीनंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही सुरू होऊ शकतो. डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर अशा मोठ्या चणीच्या माद्यांमध्ये तो लहान जातींपेक्षा अधिक आढळतो. समाधानाची बाब अशी की बहुतेक माद्यांमध्ये औषधांनी लघवी गळणे थांबते किंवा पुष्कळ कमी होते. मात्र ही औषधे अनेकदा आयुष्यभर द्यावी लागतात, आणि जे औषध रोज पोटात जाणार आहे त्याचे दुष्परिणाम ओळखण्याची जबाबदारी दवाखान्यापेक्षा घरावर अधिक येते. पशुवैद्यक कुत्रीला काही मिनिटे पाहतात, आपण तिला दिवसरात्र पाहतो. म्हणून पहिली गोळी देण्यापूर्वीची कुत्री कशी होती, हे कागदावर लिहिलेले असणे ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. ती नोंद नसेल तर पुढे दिसणारी प्रत्येक गोष्ट औषधामुळे झाली की उन्हामुळे, वयामुळे की भीतीमुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

आजार हाच आहे ना, याची खात्री

लघवी गळते म्हणजे स्नायूच सैल झाले, असे गृहीत धरू नये. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कुशिंग्जचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त तयार होणे) किंवा नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात झालेला पू, या सर्वांत तहान वाढते, लघवी जास्त तयार होते आणि भरलेले मूत्राशय झोपेत गळते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असेल तर कुत्री वारंवार, थोडी थोडी आणि कुंथून लघवी करते. मूतखड्याने किंवा गाठीने वाट अडली असेल तर मूत्राशय तुडुंब भरून वरचेवर थेंब सांडतात. या शेवटच्या प्रकारात मूत्रमार्ग आवळणारे औषध दिले, तर अडलेली वाट आणखी अडते आणि जिवावर बेतू शकते. त्यामुळे लघवीची तपासणी, शक्यतो तिचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी), रक्ताच्या प्राथमिक चाचण्या आणि गरज भासल्यास सोनोग्राफी झाल्याशिवाय औषध सुरू करण्याचा आग्रह आपण धरू नये, आणि या चाचण्या सुचवल्या गेल्या तर त्यांचा खर्च वाया गेला असेही मानू नये.

आणखी एक कारण घरातच दडलेले असते. त्वचेच्या खाजेसाठी दिलेल्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. हृदयविकारासाठीचे फ्रुसेमाइड आणि अपस्मारासाठीचे फेनोबार्बिटल यांनीही तसेच होते. अशा वेळी नवे औषध जोडण्यापेक्षा जुन्या औषधाची मात्रा तपासणे अधिक शहाणपणाचे असते. अर्थात स्टेरॉइड किंवा अपस्माराचे औषध स्वतःहून एकदम बंद करणे धोक्याचे आहे. तो निर्णय पशुवैद्यकांनीच घ्यावा.

पाणी मोजण्याची रीत सोपी आहे. सकाळी एक लिटरच्या बाटलीने मोजून भांड्यात पाणी ओतावे, दिवसभरात जितके भरले जाईल तितके लिहावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी वजा करावे. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलीलिटरपेक्षा जास्त पाणी, म्हणजे २० किलोच्या कुत्रीने २ लिटरहून अधिक पाणी पिणे हे तपासणीयोग्य लक्षण आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड किंवा दिंडोरीकडच्या मळ्यावर मोकळी फिरणारी राखणीची कुत्री पाटाचे, हौदाचे किंवा ठिबकच्या नळीतून गळणारे पाणी पिते. तिचे पाणी मोजायचे असेल तर एक-दोन दिवस तिला पडवीत किंवा अंगणात बांधून, सावलीत भरपूर पाणी ठेवूनच मोजावे लागेल. गळणे कमी व्हावे म्हणून पाणी तोडणे मात्र कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

औषधापूर्वीची नोंद

औषध सुरू करण्याआधी पाच-सात दिवस एका वहीत रोज पुढील गोष्टी लिहाव्यात. अंथरूण किती वेळा आणि केवढे ओले झाले, पाणी किती प्यायले, जेवण पूर्ण संपवले का, उलटी किंवा जुलाब झाले का, रात्री किती वेळा उठून फिरली, आणि घरच्यांशी व परक्यांशी वागणूक कशी होती. याशिवाय ती गाढ झोपेत असताना छाती किती वेळा वर-खाली होते, हे एक मिनिटभर मोजून लिहावे. निरोगी कुत्र्याचा झोपेतील हा आकडा साधारणपणे ३०च्या आत असतो. वजन एकदा नोंदवावे. घरी काटा नसेल तर कुत्रीला उचलून आपण काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे.

दवाखान्यात रक्तदाब मोजून घेण्याची विनंती अवश्य करावी. सर्वच ठिकाणी त्याचे यंत्र नसते, पण असेल तिथे औषधापूर्वी एकदा आणि सुरू केल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजणे उपयुक्त ठरते. घाबरलेल्या कुत्रीचा रक्तदाब तसाही वाढतो, म्हणून तपासणीच्या खोलीत तिला काही मिनिटे शांत बसू द्यावे आणि एकाऐवजी अनेक मोजणींची सरासरी घ्यावी. वरचा दाब सातत्याने १६०च्या पुढे राहत असेल तर डोळे, मूत्रपिंड, मेंदू आणि हृदय यांना इजा होण्याचा धोका वाढतो, आणि १८०च्या पुढे तो गंभीर मानला जातो.

औषध कधी सुरू करावे यालाही महत्त्व आहे. तातडी नसेल तर दिवाळीच्या आठवड्यात ते सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फटाक्यांनी थरथरणारी, येरझाऱ्या घालणारी, न जेवणारी कुत्री आणि औषधाने अस्वस्थ झालेली कुत्री यांत फरक करणे त्या दिवसांत जवळजवळ अशक्य असते. एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा नाशिकचे तापमान चाळिशीच्या आसपास जाते, तेव्हा धाप लागण्याच्या बाबतीत असाच घोळ होतो. त्या काळात औषध सुरू करावेच लागले तर श्वासाची मोजणी पहाटे, गारव्यात करावी.

फेनिलप्रोपॅनोलामीन: सर्वाधिक वापरले जाणारे औषध

हे औषध शरीरातील नॉरअॅड्रेनलीन या संप्रेरकाचा प्रभाव वाढवते आणि त्यामुळे मूत्रमार्गाचे स्नायू आवळले जातात. त्याचा परिणाम बहुधा काही दिवसांतच दिसू लागतो. मात्र नॉरअॅड्रेनलीनचे काम मूत्रमार्गापुरते मर्यादित नसते. रक्तवाहिन्या, हृदय आणि मेंदू यांवरही त्याचा अंमल चालतो, आणि दुष्परिणामांचे मूळ नेमके इथे आहे.

नेहमी दिसणारे दुष्परिणाम म्हणजे भूक मंदावणे, उलटी, पातळ शौच, लाळ गळणे, तहान वाढणे, अस्वस्थपणा, झोप न लागणे, विनाकारण धाप लागणे आणि स्वभावातील चिडचिड. एरवी शांत असलेली कुत्री मुलांवर गुरगुरू लागली तर ती बिघडली असे समजून तिला मारू नये. औषध सुरू झाल्याची तारीख आणि वागणूक बदलल्याची तारीख वहीत शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दीर्घकाळात वजन घटणे आणि लघवीतून प्रथिने जाणे हेही संभवते. रक्तदाब वाढणे हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा दुष्परिणाम आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही. माणसांमध्ये मेंदूतील रक्तस्रावाचा धोका आढळल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली हे द्रव्य माणसांच्या सर्दीच्या आणि भूक कमी करणाऱ्या औषधांतून काढून घेण्यास सांगितले, आणि भारतातही २०११ साली माणसांसाठीच्या वापरावर बंदी घालणारी अधिसूचना निघाली होती. त्याच २०११ साली अमेरिकेत ते कुत्र्यांच्या लघवी गळण्यासाठी मंजूर झाले. यात विसंगती नाही. कुत्र्यांमध्ये लाभ मोठा असल्यामुळे ते वापरले जाते, पण देखरेखीची गरज त्यामुळे कमी होत नाही.

हृदयविकार, आधीचा उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा काचबिंदू असलेल्या कुत्र्यांत हे औषध फार जपून द्यावे लागते. म्हणून पूर्वीचे सर्व कागद दवाखान्यात सोबत न्यावेत.

आता एका अशा संयोगाबद्दल, जो आपल्याकडे सहज घडू शकतो. गोचीड मारण्यासाठी अंगाला लावायच्या अनेक द्रावणांत आणि काही गळपट्ट्यांत अमिट्राझ असते. अमिट्राझ हे मोनोअमाइन ऑक्सिडेझ या विकराला (एन्झाइमला) रोखणाऱ्या द्रव्यांपैकी आहे, आणि अशा द्रव्यांसोबत फेनिलप्रोपॅनोलामीन दिल्यास रक्तदाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. गोचिडाचे औषध बहुतेक लोक ‘औषध’ म्हणून मोजतच नाहीत, त्यामुळे पशुवैद्यकांनी ‘आणखी काही चालू आहे का’ असे विचारले तरी ते सांगायचे राहून जाते. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आणलेली बाटली किंवा तिच्या लेबलाचा फोटो सोबत न्यावा. वयस्क कुत्र्यांच्या बुद्धिभ्रंशासाठी दिले जाणारे सेलेजिलीन, तसेच भीतीवर किंवा वर्तनदोषांवर दिली जाणारी क्लोमिप्रामीनसारखी औषधे यांच्याबाबतीतही हीच काळजी घ्यावी. फटाक्यांच्या भीतीसाठी काही लिहून दिले जात असेल तर लघवीचे औषध चालू असल्याचे आठवणीने सांगावे. दात साफ करण्यासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तरीही ते सांगणे आवश्यक आहे.

मेडिकलमधील माणसांची सर्दीची गोळी पर्याय म्हणून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो पाळू नये. त्या गोळ्यांत पॅरासिटामॉल, कॅफीन आणि इतर द्रव्ये मिसळलेली असतात. स्यूडोएफेड्रीन कुत्र्यांना थोड्या मात्रेतही विषारी ठरू शकते आणि नाक मोकळे करणारे थेंबही त्यांच्यासाठी धोक्याचे आहेत. फेनिलप्रोपॅनोलामीन हे पशुवैद्यकीय औषध नाशिकमधल्या प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही. ते मागवावे लागत असेल तर आधीचा साठा संपण्यापूर्वी मागवावे, पण मिळत नाही म्हणून दुसरे काहीतरी देऊ नये.

मात्रा मोजणे आणि औषध ठेवणे

फेनिलप्रोपॅनोलामीन गोळी आणि सिरप अशा दोन्ही रूपांत तयार होते. सिरप असेल तर चमच्याने कधीही देऊ नये. दर मिलीलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम औषध असलेल्या सिरपची २० किलोच्या कुत्रीची एक मात्रा एका मिलीलिटरपेक्षाही कमी भरते, आणि घरातला छोटा चमचा साधारण ५ मिलीलिटरचा असतो. म्हणजे एका चमच्यात पाच ते दहा पट औषध जाते. सुई नसलेली १ मिलीलिटरची सिरिंज घ्यावी, नेमून दिलेल्या रेषेवर मार्करने खूण करावी आणि औषध देणाऱ्या घरातील प्रत्येकाला ती दाखवावी. सकाळी आईने आणि पुन्हा आजोबांनी औषध दिले, असे एकत्र कुटुंबात सहज होते. त्यासाठी फ्रिजवर तारखांचा कागद लावून औषध दिल्यावर लगेच खूण करण्याची सवय सर्वांनी लावावी. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये.

रात्री उशिरा दिलेल्या मात्रेने झोप उडत असेल तर वेळा थोड्या अलीकडे आणता येतील का, हे पशुवैद्यकांना विचारावे. दिवसातून दोनदा द्यायच्या औषधात सुमारे बारा तासांचे अंतर राखायचे असल्याने वेळ बदलायची तर दोन्ही मात्रांची बदलावी लागते.

कुत्र्यांनी खावे म्हणून या गोळ्यांना मांसाची चव दिलेली असते. तीच चव धोक्याची ठरते, कारण प्लास्टिकची डबी चावून फोडून सगळ्या गोळ्या खाल्ल्याचे प्रकार घडले आहेत. डबी बंद कपाटात, कुत्री उडी मारूनही पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी. ओटा, टीव्हीचे टेबल किंवा पलंगाजवळचा खण ही त्यासाठी योग्य जागा नव्हे.

इस्ट्रोजेन गटातील औषधे

एस्ट्रिऑल हे या, म्हणजे मादीच्या संप्रेरकांच्या, गटातील आज अधिक पसंतीचे औषध आहे. ते कुत्र्यांसाठी गोळीच्या रूपात मिळते आणि मात्रा वजनावर न ठरवता परिणाम पाहून ठरवली जाते. आरंभी रोज एक ठरावीक मात्रा देऊन, गळणे थांबल्यावर ती टप्प्याटप्प्याने सर्वांत कमी परिणामकारक पातळीवर आणतात. या टप्प्यात वहीतील ओल्या डागांची नोंद विशेष कामी येते. योनीमुखाला सूज येणे, स्तन फुगणे, नर कुत्रे मागे लागणे, उलटी आणि क्वचित केस गळणे किंवा योनीतून रक्तस्राव हे एस्ट्रिऑलचे दुष्परिणाम आहेत. मात्रा कमी केल्यावर ते बहुधा ओसरतात. गल्लीतले नर कुत्रे अचानक दाराशी जमू लागले तर नसबंदी फसली असा निष्कर्ष काढण्याआधी औषधाची मात्रा आठवावी. नसबंदी न झालेल्या मादीला हे औषध देत नाहीत, आणि जिची तहान व लघवी वाढली आहे तिच्यासाठीही ते नाही. गोळी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. गर्भवती किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रीने ती न हाताळणेच बरे.

डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे जुने औषध अजूनही काही ठिकाणी वापरले जाते. जास्त मात्रेत ते अस्थिमज्जेचे काम दडपते, त्यामुळे लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. इथे नाशिक परिसरातील कुत्र्यांचा एक खास प्रश्न लक्षात घ्यावा लागतो. गोचीड तापानेही प्लेटलेट घटतात, आणि गोचीड इथे अपवादाने नव्हे, नित्य आढळते. म्हणून इस्ट्रोजेन गटातील कोणतेही औषध सुरू करण्याआधी रक्तपेशींची मोजणी करून तो अहवाल जपून ठेवावा. पुढे हिरड्या फिक्या पडल्या, पोटावर लालसर-जांभळे ठिपके उमटले, नाकातून रक्त आले किंवा ताप आला, तर त्या पहिल्या अहवालावरूनच कारण औषध आहे की गोचीड, याचा माग काढता येतो.

दोन्ही गटांतील औषधे एकत्र दिल्यास काही वेळा प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते, कारण इस्ट्रोजेनमुळे मूत्रमार्गाचे स्नायू दुसऱ्या औषधाला अधिक प्रतिसाद देतात. ऑक्सिब्युटिनिन हे वेगळ्या कारणासाठी, म्हणजे मूत्राशय अकारण आकुंचन पावत असेल तर दिले जाते. त्याने तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता आणि लघवी तुंबणे संभवते. नरांना दिल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनने प्रोस्टेट वाढू शकते आणि आक्रमकपणा येऊ शकतो.

दुष्परिणाम दिसल्यावर

भूक थोडी मंदावली, एखादी उलटी झाली किंवा झोप थोडी कमी झाली, पण कुत्री हुशार आहे आणि पाणी पीत आहे, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून कळवावे आणि पुढची मात्रा द्यावी की नाही हे विचारावे. औषध जेवणाबरोबर दिल्याने पोटाचा त्रास अनेकदा कमी होतो. असे त्रास दोन-तीन दिवसांत कमी न झाल्यास मात्रा किंवा औषध बदलण्याचा विचार पशुवैद्यक करतील. सतत येरझाऱ्या, थांबत नसलेली धाप, थरथर, वारंवार उलट्या किंवा नवी आक्रमकता दिसली तर पुढची मात्रा न देता त्याच दिवशी कुत्रीला दाखवावे.

कोसळणे, झटके येणे, अचानक दिसेनासे होऊन भिंतीला धडकणे, मान एका बाजूला कलणे, तोल जाणे, किंवा कुंथूनही लघवी न होणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. रात्री फोन घेणारा दवाखाना आपल्या भागात कोणता, हे नाशिकमधील सिडको असो की पंचवटी, आधीच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. सिन्नर किंवा ओझरकडे राहणाऱ्यांनी वाहनाची सोयही ठरवून ठेवावी.

जास्त गोळ्या खाल्ल्याचा संशय असेल तर लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये. बाहुल्या मोठ्या होणे, अंगावरचे केस उभे राहणे, बेचैनी आणि धाप ही विषबाधेची चिन्हे काही तासांत येतात. डबीत किती गोळ्या असायला हव्या होत्या आणि किती उरल्या, हे मोजून डबीसकट निघावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय करू नये, कारण त्याने रक्तातील सोडियम वाढून दुसरेच संकट ओढवते. उलटी करवायची की नाही, हे पशुवैद्यकच ठरवतील.

त्वचेची निगा आणि पुढील तपासण्या

औषध लागू पडेपर्यंत मांड्यांची आतली बाजू कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि तिथले केस आखूड ठेवावेत. पावसाळ्यात ओलसर, लघवीच्या वासाच्या त्वचेवर माशा बसून अळ्या पडतात, हा धोका बाहेर झोपणाऱ्या कुत्र्यांना अधिक असतो. त्या दिवसांत रोज केस बाजूला सारून त्वचा पाहावी. डायपर वापरत असल्यास तो ओला होताच बदलावा.

सर्व सुरळीत चालले तरी साधारण दर सहा महिन्यांनी वजन, रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. चांगले लागू पडलेले औषध काही काळाने कमी पडू लागले, तर मात्रा वाढवण्यापूर्वी जंतुसंसर्ग झाला आहे का ते पाहावे. स्थूल कुत्रीचे वजन कमी केल्यानेही गळणे घटू शकते आणि त्यामुळे कमी मात्रेत भागते. औषधे सोसतच नसतील तर मूत्रमार्गाच्या भिंतीत कोलॅजनसारखे द्रव्य टोचणे किंवा मूत्रमार्गाभोवती दाब देणारे वलय बसवणे असे उपाय आहेत. त्यासाठी विशेष साधने आणि अनुभवी शल्यविशारद लागतात, म्हणून आपल्या पशुवैद्यकांकडून मुंबईतील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या केंद्राच्या नावे पत्र घ्यावे, आणि जाताना ती वही, रक्ताचे पहिले अहवाल आणि आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाची मात्रा व तारखा सोबत न्याव्यात.